माझ्या मागावरचा म्हातारा

माझी नजर घारीची आहे. हे मी म्हणत नाही, आमच्या पोलीस प्रशिक्षणातले उस्ताद म्हणायचे. ते सगळ्याच मुलींना असं म्हणायचे ही गोष्ट वेगळी, पण मनावर घेतलं ते मी एकटीनं.

पुढे मी मेट्रो पोलिसात लागले आणि स्टेशनच्या दाराशी, बॅगा तपासायच्या मशीनपाशी माझी ड्युटी लागली. दिवसभर लोकांच्या बॅगा पडद्यावरून सरकताना बघायच्या. वर्षानुवर्षं बघून मी इतकी तयार झाले, की माणसाचं तोंड न बघता नुसत्या बॅगेवरून त्याच्या घरची हालहवाल सांगावी. जेवणाच्या डब्याच्या जागी नुसतं केळं दिसलं, की ओळखायचं, रात्री भांडण झालंय. दोन केळी दिसली, की समेट झालाय, पण स्वयंपाक झालेला नाही.

अशी नजर मशीनपाशी गंजत ठेवणं म्हणजे खात्याचंच नुकसान! म्हणून साध्या वेशातल्या पथकात जागा निघाली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. पथकाच्या प्रमुख म्हणजे आमच्या मॅडम. त्या शब्द असे वापरतात, जणू प्रत्येक शब्द वरून मंजूर होऊन येतो.

"तुम्हालाच का घ्यावं?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या नजरेतून माणूस सुटत नाही, मॅडम."

"महिनाभर बघू. जमलं तर राहाल. नाही जमलं तर मशीन आहेच."

मला तिथं राहायचंच होतं. इतकी वर्षं लोक रडवेले होऊन माझ्याकडे यायचे, "बाई, पाकीट गेलं हो," आणि मी हात लांब करून त्यांना तक्रार खिडकी दाखवायचे. तिकडे जाताना त्यांचे पडलेले खांदे बघायचे. एकदा तरी पाकीट जायच्या आधी तो चोराचा हात धरायचा, एवढी एकच इच्छा होती.

साध्या वेशातलं काम असं, की गर्दीच्या वेळी प्रवासी म्हणून गाडीत चढायचं आणि पाकीटमारांवर नजर ठेवायची. पथकातली माणसं एकाच डब्यात असली तरी एकमेकांना ओळख द्यायची नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही. जे काय सांगायचं ते खुणेनं. चष्मा काढून पुसला, तर त्याचा अर्थ ‘हाच तो, धरा.’ हात मानेवर ठेवला, तर ‘थांबा, कुणी हलायचं नाही.’ मला चष्मा नाही म्हणून खात्यानं बिनानंबरचा एक दिला. तो घालून मी आरशात बघितलं, तर चक्क हुशार दिसत होते.

आता घरचं सांगते. घरी नवरा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा शहराच्या बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बस अजून त्यांच्यातून उतरलेली नाही. घरी चार पाहुणे आले, तरी दारात उभे राहून "पुढे सरका, आत जागा आहे," म्हणतात. सासूबाई गेल्यापासून रोज सकाळी माझ्या गणवेशाला इस्त्री करायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. बाहीची घडी अशी धारदार, की दुसऱ्या कुणी हात लावला तर कापेल.

"आप्पांना पथकाचं सांगू नकोस," नवरा म्हणाला. तो दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवतो, त्यामुळे कुणी तोंड कधी उघडावं याचा त्याला अनुभव आहे. "त्यांचा तुझ्या गणवेशावर विश्वास आहे, तुझ्यावर नाही. काळजीनं झोपायचे नाहीत."

म्हणून मी आप्पांना सांगितलं, की मला आता ऑफिसात बसायचं काम मिळालंय. साधे कपडे घालून जायचं, गणवेश तिथंच ठेवायचा.

"मग इस्त्री?" आप्पांनी विचारलं.

"तिथंच करून देतात."

इस्त्रीची वायर गुंडाळून त्यांनी ती कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, महिन्याचा तर प्रश्न आहे.

घरी मी खुणांचा सराव करायचे. भाजी ढवळता ढवळता मानेवर हात, कपडे वाळत घालताना मानेवर हात. आप्पांच्या नजरेला ते पडलंच.

"मान आखडली का गं?"

"हो आप्पा, जरा ऑफिसात बसून बसून."

झालं! त्या दिवसापासून आप्पा बामची डबी खिशात घेऊन फिरायला लागले. मी मानेवर हात ठेवायचा अवकाश, की आप्पा मागे हजर. तो बाम इतका जहाल, की मी उंबरठ्यात आले तरी शेजारच्यांना कळायचं.

पथकात मी रुळायला लागले होते, तेवढ्यात मॅडमनी सगळ्यांना चौकीत बोलावलं. आमची चौकी म्हणजे स्टेशनच्या जिन्याखालची खोली. एक बाक, एक टेबल, एक किटली, आणि वरून सतत लोकांच्या पायांचा आवाज. हेल्पलाइनवर एका शिक्षिकेनं ओळीनं तक्रारी केल्या होत्या. मॅडमनी वाचून दाखवलं,

"संशयित एक वृद्ध गृहस्थ. कानापर्यंत ओढलेली लोकरी टोपी, काळा चष्मा. मुद्दा पहिला, हा गृहस्थ रोज एकाच बाईच्या मागे डब्यात चढतो आणि ती उतरली की उतरतो. मुद्दा दुसरा, गाडी कितीही हलली तरी तो कशालाही न धरता उभा राहतो. मुद्दा तिसरा, त्या बाईला यातलं काहीही कळत नाही."

तिसरा मुद्दा ऐकून मला हसूच आलं. म्हटलं, काय बावळट बाई असेल! माणूस रोज मागे लागतो आणि हिचं लक्ष कुठं?

"हसताय त्या अर्थी तुम्हीच शोधा," मॅडम म्हणाल्या.

मी कंबर कसली. सबंध दिवस त्या मार्गावर इकडून तिकडे गाड्या पालथ्या घातल्या. प्रत्येक बाईच्या मागे बघितलं. एकीच्या मागे एक म्हातारा सापडलाही, पण तो तिचा नवरा निघाला आणि पाठलाग उलटा होता. बाकी कुठंच काही नाही. आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या ध्यानात आलंच असेल. मी पुढच्या सगळ्या पाठी तपासल्या, फक्त माझी तेवढी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

संध्याकाळी मी मॅडमना सांगितलं, की असा म्हातारा नाही आणि अशी बाईही नाही, शिक्षिकेला भास होत असावेत. मॅडम मला कंट्रोल रूममध्ये घेऊन गेल्या. पडद्यावर डब्यातलं चित्र लावलं. कॅमेरा छताला, त्यामुळे म्हाताऱ्याची दिसत होती ती नुसती टोपी. त्याच्या पुढे एक पाठमोरी बाई उभी.

"या बाईला ओळखता?" मॅडमनी विचारलं.

मी नीट निरखून बघितलं. "चेहरा दिसत नाही, मॅडम. पण बाई गबाळी आहे. पिशवीची चेन अर्धी उघडी आहे बघा. अशांचीच पाकिटं जातात."

मॅडमनी फक्त माझ्या खांद्याकडे बघितलं. मीही बघितलं. माझ्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आता माणसाला स्वतःची पाठ कधी दिसते का, असं काहीतरी मी बोलायला गेले, पण मॅडमनी हात वर केला.

"उद्या सापळा लावू. तुम्ही रोजच्यासारख्या चढा. खूण तुम्हीच द्यायची. आणि उद्याही तो सुटला, तर परवापासून मशीन."

घरी आले तर आप्पा गरम पाण्यात पाय सोडून बसलेले.

"पाय का दुखतायत, आप्पा?"

"जरा फिरणं होतंय हल्ली."

"फार फिरू नका. बाहेर दिवस वाईट आहेत. मेट्रोत एक म्हातारा रोज एका बाईच्या मागे लागतोय, म्हणून ऑफिसात चर्चा होती."

आप्पांनी पाण्यातून पायच बाहेर काढले. "या वयात? लाज नाही वाटत? कोण बाई?"

"आहे एक. तिला कळतच नाही म्हणे."

"बिचारी," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ नुसतेच विचार करत बसले. मला वाटलं, समाज कुठं चाललाय याचा विचार करतायत. ते ठरवत होते, की उद्यापासून आपण जास्त जवळ उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत मी चढले. एका दाराशी आमच्या पथकातला लांब्या. हा इतका उंच, की साध्या वेशातही लोक त्याला एकदा तरी वळून बघतात. दुसऱ्या टोकाला आणखी दोघे. मॅडम कंट्रोल रूममध्ये, पडद्यासमोर. मी दाराच्या काचेकडे तोंड करून उभी राहिले, काचेत मागचं सगळं दिसतं म्हणून. ही साधी युक्ती मला इतके दिवस का सुचली नव्हती, ते विचारू नका.

एक स्टेशन गेलं. दुसरं गेलं. आणि काचेत, माझ्या खांद्यामागे, लोकरी टोपी दिसली.

माझा हात चष्म्याकडे जायला लागला. तेवढ्यात गाडीनं वळण घेतलं. अख्खा डबा एका बाजूला कलला. लोक दांड्याला, हँडलला, एकमेकांना धरायला लागले. लांब्यासुद्धा वाकला. टोपीवाला तेवढा कशालाही न धरता सरळ उभा राहिला. पाय फाकवलेले, उजवं पाऊल जरा पुढे, गुडघे किंचित सैल. असं उभं राहायला माणसाचा जन्म बसमध्ये जावा लागतो. आणि असा उभा राहणारा माणूस मी रोज आमच्या घरात दूध तापवताना बघते.

मी वळले. नवऱ्याची टोपी, नवऱ्याचंच जुनं जाकीट, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा काळा चष्मा घालून आप्पा माझ्यासमोर उभे होते!

लांब्या पुढे सरकायला लागला होता. चष्म्याकडे निघालेला हात मी तसाच वळवून मानेवर ठेवला. थांबा, कुणी हलायचं नाही. लांब्या जागच्या जागी खांबासारखा झाला. तो फार आज्ञाधारक आहे.

पण ती खूण आप्पांनीही बघितली.

"आखडली ना परत?" म्हणत त्यांनी खिशातून डबी काढली. "तरी म्हणत होतो, शेकायची पिशवी घेऊन जा."

"मागे व्हा," मी ओठ न हलवता म्हटलं.

आप्पांचा जन्म ज्या कामात गेला त्यात ‘मागे व्हा’ हे एका माणसाला सांगत नाहीत, सगळ्यांना सांगतात. ते वळून डब्याला म्हणाले, "चला, जरा मागे व्हा. बाईंना त्रास होतोय. वारा लागू द्या." आणि त्यांनी माझ्या मानेला बाम चोळायला सुरुवात केली.

मी घाबरून हात आणखी घट्ट मानेवर दाबला. लांब्याला वाटलं, अजिबात हलायचं नाही. आप्पांना वाटलं, कळ जोरात आली. लांब्या श्वासही घेईना आणि आप्पांनी दुसऱ्या हातानंही चोळायला घेतलं.

"हात काढा तिच्या मानेवरून!"

गर्दीतून एक बाई येत होत्या. बुटक्या, चष्मा लावलेल्या, आणि हातात ही एवढी फुगलेली पिशवी. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज ऐकताच मी ओळखलं, तक्रारी करणारी शिक्षिका ती हीच. तिनं पिशवी फिरवली. आत परीक्षेचे पेपर होते. एका अख्ख्या वर्गाचं भूगोलाचं ज्ञान आप्पांच्या पाठीत बसलं.

मग काय विचारता! कुणी आप्पांचं जाकीट धरलं, कुणी टोपी ओढली. "रोज असतो हा." "मीही बघितलंय याला." "म्हातारा आहे म्हणून सोडू नका." जो तो पुढे. मी आप्पांच्या आणि लोकांच्या मधे शिरले, त्या झटापटीत बामची डबी माझ्या चेहऱ्यावर आली आणि डोळ्यांत नुसती आग उसळली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पुढचं दिसेना, म्हणून मी चष्मा काढला आणि पुसला.

लांब्या इतका वेळ याच खुणेची वाट बघत होता. तो आणि बाकीचे दोघे एकदमच आप्पांवर तुटून पडले. पुढच्या स्टेशनवर दार उघडलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांना दोन्ही दंडांना धरून उतरवलं जात होतं, डबाभर लोक टाळ्या वाजवत होते, आणि शिक्षिकाबाई मला पाण्याची बाटली देत म्हणत होत्या, "रडू नका, संपलं आता." याच गडबडीत लांब्याचं पाकीट कुणीतरी मारलं.

चौकीत आप्पा बाकावर बसले. टोपी गेली होती, केस उभे राहिले होते, आणि गालावर बामचा एक पट्टा चमकत होता. माझ्याकडे ते बघतच नव्हते. मॅडम समोर येऊन बसल्या.

"नाव?"

आप्पा गप्प.

"या बाईंना ओळखता?"

"नाही," आप्पा म्हणाले.

"मग यांच्या मानेला बाम का लावलात?"

"मान दुखत होती त्यांची."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माणुसकीनं."

मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुम्ही यांना ओळखता? नसाल तर तक्रार तुमच्या नावानं घ्यावी लागेल. रोजचा पाठलाग, वर अंगाला हात. फिर्यादी तुम्ही."

बाकावरून आप्पांनी मला हळूच मान हलवून खुणावलं. नाही म्हण. त्यांना सगळं समजलं होतं. घरचा माणूस असा मागे फिरतो म्हटल्यावर आपल्या सुनेची ही जागा जाणार, हे त्यांनी त्या बाकावर बसल्या बसल्या ओळखलं होतं, आणि कोठडीत जायची तयारी करून ते बसले होते. एकदा मशीन आठवलं, खोटं नाही सांगत. पण गालावर बाम फासलेला तो माणूस समोर बसलेला असताना ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

"ओळखते, मॅडम. माझे सासरे आहेत."

आप्पा माझ्यावरच चिडले.

"कशाला बोललीस? मी घेतलं असतं ना सांभाळून."

"काय सांभाळलं असतं, आप्पा? कोठडीत टाकलं असतं."

"टाकलं असतं तर टाकलं असतं. तिथं बसायलाच तर असतं."

"इतके दिवस हिच्या मागे का फिरत होता?" मॅडमनी विचारलं.

आप्पा थोडा वेळ हाताची बोटं बघत राहिले. "साहेब, मी सगळी नोकरी सरकारी केली. खातं कुणाच्या कपड्यांना इस्त्री करून देत नाही. हिनं तसं सांगितलं तेव्हाच मला कळलं, ही काहीतरी लपवतेय. मग एक दिवस मागे गेलो, तर ही साध्या कपड्यात चोरांमध्ये उभी." ते थांबले. "गणवेशात असायची तेव्हा मी निर्धास्त झोपायचो. काही झालं तर दहा माणसं म्हणतील, अरे ही पोलीस आहे, आणि धावतील. आता हिला कोण ओळखणार? म्हटलं, डब्यात एका माणसाला तरी ठाऊक असावं ही कोण आहे ते. आणि काल कळलं, की एक म्हातारा बायकांच्या मागे लागतोय. मग तर मी अगदी जवळच उभा राहिलो."

माझ्या डोळ्यांतून पुन्हा पाणी यायला लागलं. या वेळी बामचा काही दोष नव्हता.

मॅडम मात्र तशाच. "नियम सगळ्यांना सारखा. हिच्या मागे रोज माणूस फिरतो आणि हिला कळत नाही. मी हिला कशी ठेवू?"

"तिला कसं कळणार? ती कामात असायची," आप्पा म्हणाले. "मी बघितलंय ना. त्या दिवशी एक टग्या एका कॉलेजच्या मुलीला खेटत होता. पोरगी पार भिंतीला चिकटलेली. ही काही न बोलता मधे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पायावर पाय ठेवला. तो ‘बाई, पाय, बाई, पाय’ करतोय, ही खिडकीबाहेर बघतेय. तो उतरेपर्यंत पाय काढला नाही. ती पोरगी उतरताना हसत होती."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हे मला सांगितलं नाहीत."

"पकडलं तर कुणालाच नव्हतं, मॅडम."

"मी हिच्या मागे यायचा नाही," आप्पा म्हणाले. मी त्यांना कुणासमोर हात जोडताना कधी बघितलं नव्हतं, ते त्यांनी जोडले. "शब्द देतो. चूक माझी आहे. तिला काढू नका. तिला हे काम फार आवडतंय. घरी भाजी करतानासुद्धा मानेवर हात ठेवत असते."

वर जिन्यावर पायांचा आवाज चालू होता. तेवढ्यात टेबलावरचा मॅडमचा फोन थरथरला. त्यांनी बंद केला. परत थरथरला. परत बंद केला. तिसऱ्यांदा मात्र त्या भिंतीकडे तोंड करून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हो आई, पोचले. हो, खाल्लं. स्वेटर घातलाय." आणि वळल्या तेव्हा आमच्यापैकी प्रत्येक जण किटलीकडे बघत होता.

मॅडमनी घसा साफ केला. "यांची टोपी शोधून द्या. डॉक्टरला पाठ दाखवून घ्या. आणि तुम्ही," हे मला, "तुमचा महिना उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून."

"आणि उतरल्यावर तिनं मला फोन करायचा," आप्पा म्हणाले.

"करेल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझं पाकीट," लांब्या म्हणाला.

"तक्रार खिडकी बाहेर आहे," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी चढले. पिशवीची चेन लावली. काचेत मागे बघितलं. आप्पा नव्हते. त्यांनी शब्द पाळला होता, आणि खरं सांगते, पाठ एकदम उघडी पडल्यासारखी वाटत होती. एवढ्यात शेजारची जागा रिकामी झाली आणि हात धरून कुणीतरी मला खाली बसवलं. शिक्षिकाबाई!

"बऱ्या आहात ना?" त्यांनी विचारलं. "काल मला झोप नाही लागली तुमच्या काळजीनं. मी पहिल्या दिवसापासून बघत होते हो त्या माणसाला. म्हणून रोज तुमच्याच डब्यात चढायचे. माझं स्टेशन खरं तर अलीकडे आहे, पण तुम्ही उतरेपर्यंत मी उतरत नव्हते."

"तुम्ही माझ्यासाठी रोज पुढे यायच्या?"

"मग? एकट्या बाईला असं सोडायचं?" त्यांनी माझा हात थोपटला. "पण एक सांगू? रागावू नका. आपण बायकांनी स्वतःही जरा डोळे उघडे ठेवावेत. तुमचं लक्षच नसतं हो कुठं. आणि पोलिसांच्या भरवशावर तर राहूच नका. साध्या वेशातले पोलीस असतात म्हणे गाडीत. मला तर आजवर एक दिसला नाही, कालही त्या माणसाला प्रवाशांनीच धरलं. नाही म्हणायला एक उंच माणूस आहे, पण त्याला कोण पोलिसात घेणार?"

घारीची नजर असलेल्या बाईनं यावर काय बोलावं? ओळख द्यायची नाही हा नियम. मी मान खाली घालून म्हटलं, "हो ताई, लक्ष ठेवीन."

उतरल्यावर आप्पांना फोन केला. संध्याकाळी घरी आले, तर ते पाठीला शेक घेत पालथे पडले होते. मी डबी उघडून त्यांच्या पाठीला बाम चोळायला बसले आणि शिक्षिकाबाईंचं सगळं सांगितलं. रोज मागे कशा यायच्या, स्वतःचं स्टेशन कसं सोडायच्या, सगळं. मी कोण आहे हे ठाऊक नसताना.

आप्पा उशीत तोंड खुपसूनच म्हणाले, "म्हणजे मला पकडून दिलं ती हीच?"

"हीच."

"पेपरांची पिशवी घातली ती?"

"तीच, आप्पा."

त्यांनी जरा डावीकडे चोळ म्हणून बोटानं दाखवलं.

"बाई चांगली आहे," आप्पा म्हणाले. "रोज तिच्याच शेजारी बसत जा."